उचल : बीड जिल्ह्यात मोटारसायकलचं पुढचं चाक कसं उठलं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन शेवटी दिले आहेत.)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटलं असावं, मी निजामी राजवटीवर बोलेन, नाहीतर मुक्तिसंग्रामावर. इतिहासाच्या मास्तरकडून तीच अपेक्षा असते. मी म्हणालो, मोटारसायकल एका चाकावर चालवायला आपली पोरं कशी शिकली, त्याचा इतिहास सांगतो. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "सर, हा इतिहास आहे का?"

माझ्या मते आहे. का, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगणार नाही. आईबाप ऊसतोडीला. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, ते पाडव्याच्या आसपास परत. बापानं मुकादमाकडून उचल घेतली आणि त्यातून पोराला कॉलेजला जायला जुनी स्पोर्ट बाइक घेऊन दिली. पोरगा पहाटे बायपासला जाऊन चाक उचलायला शिकत होता. शिकवणारा कोण? खिशातला मोबाईल. एक दिवस पडला. अंबाजोगाईला स्वारातीमध्ये मी त्याला भेटायला गेलो, पाय प्लास्टरमध्ये. रागवायचं ठरवून गेलो होतो. त्यानं मला जे सांगितलं ते ऐकून राग तिथंच राहिला. म्हणाला, "सर, चाक उचलायचं कसं ते समदं बघितलं होतं. खाली आणायचं कसं ते कुणी दाखवलंच नाही."

आईबाप हंगाम अर्धा टाकून परत आले. उचल तशीच अंगावर राहिली, ती फेडायला पुढचा हंगाम गेला. पोरगा अजून लंगडतो.

त्याच्या त्या एका वाक्यामुळं मी हा विषय शोधायला लागलो. ही विद्या आपल्याकडं आली कुठून? आणि तिचा अर्धा भाग वाटेत कुठं सांडला?

सुरुवात करू सायकलपासून. इथं पन्नाशीच्या पुढचे जे बसलेत त्यांना आठवत असेल. गावात एक माणूस यायचा आणि सात-सात दिवस सायकलवरून खाली उतरायचा नाही. चावडीपुढं नाहीतर शाळेच्या पटांगणात गोल रिंगण आखलेलं, मधे बांबूला भोंगा बांधलेला, त्यावर दिवसभर गाणी. सायकलवरच जेवण, सायकलवरच अंघोळ. संध्याकाळी गर्दी जमली की खेळ सुरू. हँडलवर उलटं बसणं, दातानं जमिनीवरची नोट उचलणं, आणि मग पुढचं चाक वर करून मागच्या एका चाकावर अख्खं रिंगण मारणं. केज तालुक्यातल्या आमच्या गावात मी हे पाहिलं तेव्हा तिसरी-चौथीत होतो. बीड जिल्ह्यात पुढचं चाक उचलण्याचा खेळ बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिला तो असा, सायकलवर.

त्या माणसाचं मूळ सर्कशीत. सर्कस ही आपल्या मराठी मुलखाची मोठी परंपरा आहे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली, पुढं म्हैसाळच्या देवलांची सर्कस नावाजली. सर्कशीतली पोरं कसरत शिकायची ती उस्तादाच्या हाताखाली. खाली जाळी, कमरेला दोर, आणि पडायचं कसं याचा धडा आधी. गावात येणारा सायकलवाला त्या परंपरेचा गरीब भाऊ. पण त्याच्याकडंही रिंगण होतं. रिंगणाच्या आत तो, बाहेर आपण. कुणी पोरगं आत घुसलं तर तो खेळ थांबवायचा.

दुसरी जागा म्हणजे जत्रा. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड. आपल्याकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात. अशा मोठ्या जत्रांत 'मौत का कुआँ' लागतो. फळ्यांची उभी विहीर, आणि तिच्या भिंतीवर आडवी धावणारी मोटारसायकल. हा खेळ जन्मला अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. आपल्याकडं त्यात येझदी, राजदूत, आरएक्स अशा गाड्या आल्या. हात सोडून चालवतात, वरून माणसानं धरलेली नोट घेऊन जातात. धोका खराच असतो. पण तिथला गडी पहिल्याच दिवशी भिंतीवर चढत नाही. आधी पाना-पक्कड हातात देणं, मग तळाला गोल फेऱ्या, मग उतरत्या फळ्यांवर, मग उभ्या भिंतीवर. वरचा माणूस 'जा' म्हणेल तेव्हाच जायचं.

तिसरी जागा फौज. आपल्या सैन्याच्या सिग्नल कोअरचं 'डेअर डेव्हिल्स' पथक १९३५ पासूनचं, जबलपूरचं. २६ जानेवारीला दिल्लीच्या संचलनात एकाच बुलेटवर जवानांचा मनोरा दिसतो, तो अशाच पथकांचा. आर्मी सर्व्हिस कोअरच्या 'टॉर्नेडोज' पथकानं तर १९ नोव्हेंबर २०१७ ला बंगळूरजवळ येलहंका इथं एका पाचशे सीसीच्या रॉयल एनफील्डवर ५८ माणसं बसवून जागतिक विक्रम केला. ५८ माणसं! आपल्याकडं तिघं बसले की पोलीस पावती फाडतो. पण त्या ५८ जणांमागं किती महिन्यांचा सराव असेल, कोण कुठं पाय ठेवणार हे किती वेळा घटवून घेतलं असेल, याचा विचार करा.

परदेशातही हीच रीत दिसते. अमेरिकेत डग डोमोकॉस म्हणून एक होता, त्याला लोक 'व्हीली किंग' म्हणायचे. त्यानं १९८४ मध्ये टॅलाडेगाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर एका चाकावर १४५ मैल गाडी चालवली. जपानच्या यासुयुकी कुडो यानं १९९१ मध्ये ३३१ किलोमीटर चालवली. म्हणजे बीडहून निघून पुणं मागं टाकून आणखी बरंच पुढं, सगळं मागच्या एका चाकावर. तीही वाहन संशोधन संस्थेच्या चाचणी मार्गावर, रहदारीच्या रस्त्यावर नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे होती. पण बीड शहरात गाडी पोहोचायला २०२५ उजाडलं. मधली सगळी वर्षं आपण एसटीवर आणि दुचाकीवर काढली. म्हणून इथं दुचाकी ही हौसेची वस्तू नव्हतीच. मास्तर, ग्रामसेवक, दूधवाला, मुकादम यांचा तो बैल होता.

१९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांनी लुना आणली. राजदूत तर 'फटफटी' याच नावानं गावात यायची. ५ नोव्हेंबर १९८५ ला औरंगाबादजवळ वाळूजला बजाजच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि पुढच्याच वर्षी एम-८० आली. एम-८० ला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकवलेला माणूस हे त्या काळातल्या मराठवाड्याचं चित्र. या गाड्यांचं चाक कुणी उचलत नव्हतं, कारण ते उठतच नव्हतं.

त्याच १९८५ च्या नोव्हेंबरात बाजारात आली यामाहा आरएक्स १००. भिंतीजवळ हसू फुटलं, म्हणजे नाव माहीत आहे. ९८ सीसी, जेमतेम ११ अश्वशक्ती. आजच्या हिशेबानं काहीच नाही. पण वजन शंभर किलोच्या आसपास, आणि टू-स्ट्रोक इंजिन. रेस दिली की ताकद हळूहळू यायची नाही, एकदम सुटायची. पहिल्या गिअरमध्ये क्लच झटकन सोडला की पुढचं चाक हलकं व्हायचं. अनेकांनी पहिलं चाक उचललं ते न ठरवता, घाबरून.

हे का होतं ते समजायला फार शास्त्र लागत नाही. इथं बैलगाडी हाकलेले लोक आहेत. गाडीत माल मागच्या अंगाला जास्त भरला की काय होतं? गाडी उलार होते. जू वर उठतं, बैल टांगल्यासारखे होतात. म्हणून ऊस भरताना आपल्या बाया-माणसं मोळी पुढंमागं सारून तोल बघतात. मोटारसायकलचं तेच आहे. मागचं चाक जोरात पुढं पळायला लागलं की गाडी आणि माणूस यांचा भार मागं सरकतो. गाडी हलकी, आखूड आणि इंजिन जोरकस असेल तर सगळा भार मागच्या चाकावर येतो आणि पुढचं सुटतं. मग गाडी उलार.

एकदा पुढचं चाक वर गेलं की एक जागा अशी येते, जिथं गाडी ना पुढं पडते ना मागं. शिकलेला माणूस त्या जागेभोवती खेळतो. आणि त्याचा जीव असतो उजव्या पायाखाली, मागच्या ब्रेकवर. गाडी मागं उलटायला लागली की मागचा ब्रेक हलकेच दाबायचा, पुढचं चाक खाली येतं. शिकवणाऱ्या शाळांत पहिले धडे याचेच असतात, हात-पाय आपोआप चालेपर्यंत. सरावाच्या गाडीला मागं लोखंडी दांडा बसवतात, गाडी उभी झालीच तर तो जमिनीला टेकतो आणि माणूस खाली दबत नाही. पुढचं चाक टेकताना हँडल सरळ लागतं, नाहीतर गाडी फेकते. माझ्या विद्यार्थ्याची गाडी अशीच फेकली गेली. रेस एकदम सोडली, चाक आपटलं तेव्हा हँडल वाकडं होतं. पायाखालचा ब्रेक त्याला आठवलाच नाही, कारण तो कधी कुणी त्याच्याकडून घटवून घेतला नव्हता.

आरएक्स १९९६ ला बंद झाली. नव्वदीत गावोगाव आली ती हिरो होंडा. शांत, कमी पेट्रोल खाणारी, घरातल्या सगळ्यांना चालणारी. मग नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजनं पल्सर आणली, १५० आणि १८० सीसी. इथून काळ बदलला. तोवर जाहिरातीत मोटारसायकल म्हणजे मायलेज आणि कुटुंब. आता मोटारसायकल म्हणजे मर्दानगी. २००४ ला 'धूम' सिनेमा आला, आणि शहागडपासून अंबाजोगाईपर्यंत पोरांनी केस वाढवले. पुढं टीव्हीवर पल्सरच्याच नावानं स्टंटचा कार्यक्रम आला. २००८ ला यामाहाची आर१५ आली. जानेवारी २०१२ ला चाकणमध्ये तयार झालेली केटीएम ड्यूक २०० आली, साधारण २५ अश्वशक्तीची. आरएक्सच्या दुपटीहून जास्त ताकद, आणि हप्त्यावर मिळणारी.

जाहिरातीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की हे तज्ज्ञांनी केलंय, तुम्ही करू नका. पण तज्ज्ञ होतात कसे, कुठं, कुणाकडं, हे कुठल्या जाहिरातीत नव्हतं. गाडी शोरूमला आली. शिकवणारा कुठल्याच शोरूमला आला नाही.

मग सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. टिकटॉक आलं, जून २०२० ला बंद झालं, महिन्याभरात इन्स्टाग्रामचे रील आले. सायकलवाल्याचं रिंगण मोडलं ते इथं. त्याचे प्रेक्षक समोर होते. तो पडला असता तर सगळ्या गावानं पाहिलं असतं, आणि पोरांना पडणंही शिकायला मिळालं असतं. रीलमध्ये पडलेलं कापून टाकतात. पंधरा सेकंदांत चाक वर जातं, गाणं वाजतं, संपलं. शेजारून धुळे–सोलापूर महामार्गाचा गुळगुळीत रस्ता गेलेला. पहाटे मोकळा. रिंगणाची जागा त्यानं घेतली. फरक एवढाच की या रिंगणात उसाचा ट्रॅक्टरही येतो, दोन ट्रॉल्यांचा, मागं दिवा नसलेला.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'व्हीली' हा शब्द नाही. कलम १८४ धोकादायक चालवण्याबद्दल, १८९ सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावण्याबद्दल. २०१९ च्या दुरुस्तीनं शिक्षा वाढवल्या आणि १९९अ आणलं. अल्पवयीन पोरानं गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. जे आईबाप सहा महिने कारखान्यावर कोपीत राहतात, त्यांच्या घरी हे कलम काय करेल याचा विचार करा. २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं व्हीलीच्या एका प्रकरणात जामीन नाकारला आणि शासनाला कडक तरतुदी करायला सांगितलं. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं की, स्वतःच्याच बेदरकारपणानं मेलेल्या चालकाच्या वारसांना त्या गाडीच्या विमा कंपनीकडं भरपाई मागता येत नाही. पोरांनो, हे घरी सांगा. म्हणजे गाडीचे हप्ते राहतात, उचल राहते, आणि पोरगं जातं.

मी या कायद्यांच्या विरोधात नाही. रस्त्यावर चाक उचलणं गुन्हाच आहे, समोरून येणाऱ्या माणसानं काय घोडं मारलंय? पण कलम १८९ नीट वाचा. त्यात म्हटलंय, राज्य शासनाच्या लेखी परवानगीशिवाय जो शर्यत लावेल तो. म्हणजे परवानगीचं दार कायद्यानंच ठेवलंय. ते ठोठवायला आपल्याकडून कुणी गेलं नाही.

बैलाच्या शर्यतीसाठी मात्र आपण गेलो. शंकरपट २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंद झाला. गावंच्या गावं रस्त्यावर आली. २०१७ ला विधिमंडळानं कायदा केला, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम ठेवला. आज शर्यत होते ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं, हजार मीटरच्या आत, बैलांना डॉक्टरचा दाखला घेऊन. बैलासाठी मैदान, नियम, डॉक्टर सगळं मागितलं. पोरांसाठी यातलं एकही मागितलं नाही.

आणि बीडच्या पोरांत काय कमी आहे? पाटोद्याचा राहुल आवारे. पुण्याच्या तालमीत हरिश्चंद्र बिराजदारांच्या, पुढं काका पवारांच्या हाताखाली घडला, २०१८ ला राष्ट्रकुलात सोनं आणलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. फौजेत गेला, तिथं त्याला प्रशिक्षक मिळाला, आणि स्टीपलचेस पळायला लागला. त्यातही अडथळ्यावरून उडी आहे, पाण्यात पडणं आहे, पाय मोडणं आहे. २०२२ ला बर्मिंगहॅमला त्याचं सोनं पाच शतांश सेकंदानं हुकलं. या दोघांच्या अंगातलं धाडस आणि बायपासवरच्या पोराच्या अंगातलं धाडस एकाच मातीतलं आहे. या दोघांना वस्ताद भेटला. तालमीत नवीन पोराला वस्ताद आधी काय शिकवतो? डाव नंतर. आधी लाल मातीत पडायला शिकवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. शे-दोनशे मीटरचं डांबरी मैदान, भोवती टायर रचलेले, हेल्मेट आणि गुडघ्याच्या ढाली सक्तीच्या, एक रुग्णवाहिका, आणि शिकवणारा माणूस. तो फौजेतून निवृत्त झालेला का असेना. शेजारी नगरजवळ तर वाहनं तपासायला सरकारी चाचणी मार्ग आहे. यंत्राची परीक्षा घ्यायला जागा सापडते, तर माणसाला शिकवायलाही सापडेल.

आपल्याकडं उचल या शब्दाचा अर्थ प्रत्येक घराला माहीत आहे. आधी घ्यायची, नंतर अंग मोडून फेडायची. पोरानं बायपासवर चाक उचललं तेव्हा तीही उचलच होती, आणि ती अजून त्याची आई फेडते आहे.



प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, मैदान दिलं तर पोरं रस्त्यावर करणार नाहीत याची खात्री काय?

उत्तर : खात्री नाही. तालीम असूनही गावात मारामाऱ्या होतात. पण तालमीतलं पोरगं मारामारीत दिसलं की लोक वस्तादाला जाऊन सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याला हौद्यात उतरू देत नाहीत. आज बायपासवरच्या पोराबद्दल तुम्ही कुणाला जाऊन सांगणार? पोलिसाला, नाहीतर बापाला. पोलीस दंड करतो, बाप कारखान्यावर असतो. तिसरं माणूस लागतं, ते आपल्याकडं नाही.

प्रश्न (मागून) : सर, तुम्ही कधी उचललंय का?

उत्तर : (हशा) एकदा. १९८८ ला, मित्राच्या आरएक्सवर, मांजरसुंब्याच्या अलीकडं. क्लच सुटला आणि चाक उठलं. जेमतेम दोन हात. खाली आलं ते नशिबानं. घरी कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा सांगतोय. तेव्हा मला कुणी विचारलं असतं की शिकायचं का नीट, तर मी गेलो असतो. तुम्हालाही कुणीतरी विचारावं, म्हणून हे सगळं बोललो.